प्रार्थनेची धमकी

आमच्या गावात देवाला सगळ्यांत जास्त कामाला कोणी लावलं असेल, तर ते आमच्या मावशीनं. पाळकसाहेब आठवड्यातून एकदा, तेही घड्याळाकडे डोळा ठेवून देवाशी बोलायचे. मावशीचं बोलणं भर बाजारात, कमरेवर हात ठेवून, वरच्या पट्टीत चालायचं. मावशी म्हणजे काही माझी सख्खी मावशी नव्हे. महाराष्ट्र राज्य नवं नवं झालं त्या काळात माझं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं, आणि त्याला लागून असलेल्या खोलीत ती राहायची. सारं गाव तिला तोंडावर मावशी म्हणायचं आणि पाठीमागे हिजडा. जन्म आमच्यासारखाच ख्रिस्ती घरातला, मुलगा म्हणून. बाप्तिस्म्यात नाव मिळालं होतं एका प्रेषिताचं. ते नाव कोणी चुकून घेतलंच, तर ती इकडंतिकडं बघून विचारायची, "कोन बे हा? नवीन आला का गावात?"

"मावशे, तू बाई झालीस तरी कशी?" असं मी एकदा आगाऊपणानं विचारलं होतं. ती चहाची बशी खाली ठेवून म्हणाली, "झाली कायची? होतीच. मिशनच्या बोर्डिंगात सारे पोट्टेच पोट्टे. नाताळच्या नाटकात मरिया कोन होईन? मलेच लुगडं नेसवलं. पाळक डोये पुसे, मडम टाया वाजवे. मंग नाटक सरलं अन म्हनतात, आता लुगडं काढून दे. बस, तेवढं माह्याच्यानं झालं नाई." लुगडं परत न केल्यामुळे आधी बोर्डिंगनं हाकललं, मग बापानं, आणि शेवटी अकोल्याच्या एका मुसलमान गुरूनं पदराखाली घेतलं. तेव्हापासून ती गुरूसारखे रोजे धरायची, आपले उपास वेगळे करायची आणि एकादशीला शेजारणीच्या घरचा साबुदाणाही सोडायची नाही. दर नाताळला तिची एक मैत्रीण अकोल्याहून यायची, तीही ख्रिस्ती घरातलीच. दोघी माझ्या दुकानापुढे बसून कोणाला कोणी कसं घराबाहेर काढलं याचा हिशेब जुळवायच्या, म्हातारे आपापल्या गुडघेदुखीचा जुळवतात तसा. "मले बापानं काढलं." "मले तं मायनं बी." इथं मैत्रीण जिंकायची, आणि दोघी खो खो हसायच्या. मला हसू यायचं नाही. पण मैत्रीणही आपल्या बोर्डिंगात मरियाच होती हे जेव्हा निघालं, तेव्हा मात्र कोणाची मरिया सरस यावरून अशी जुंपली, की मला मध्ये सायकल आडवी घालावी लागली.

घरी मूल जन्मलं की ढोलकी घेऊन जायचं, गायचं, आणि जे देणार नाहीत त्यांना शापायचं, ही त्यांच्या लोकांची रीत. मावशी बारशाला आमच्या देवळातली, म्हणजे चर्चमधली, गीतं ढोलकीवर अशी ठणकावून म्हणायची, की ऐकणाऱ्या पाटलीणबाईंनाही आमेन म्हणावंसं वाटे. अडचण होती ती शापाची. शाप देणं पाप, असं बोर्डिंगात तिच्या मनावर पक्कं बसलेलं. म्हणून ती शापाऐवजी प्रार्थनेची धमकी द्यायची. वरवट बकालच्या बाजारात एका किराणावाल्यानं तिला "पुढं हो" म्हटलं. ही तिथंच डोळे मिटून उभी राहिली. "हे प्रभू, ह्या शेठले सांभाळ. फल्लीच्या तेलात हा सरकीचं तेल टाकते, हे तू पाह्यलंच हाय. तराजूखाली काय चिकटवलं, ते बी तुले दिसते. तरी याले माफ कर…" शेठ गल्ला उघडा टाकून धावत बाहेर आला. तेव्हापासून "तुह्यासाठी प्रार्थना करीन हं!" एवढं म्हटलं की भल्याभल्यांची बोबडी वळायची. मीही त्यातून सुटलो नव्हतो. "हे प्रभू, ट्यूबले एक भोक असते, ह्याच्या हाती गेली का तीन कशे होतात?" हे तिनं माझ्या गिऱ्हाइकापुढे देवाला विचारलं होतं. त्यानंतर तिचा चहा कायम माझ्याकडे लागला.

अशा या बाईला देवाकडून स्वतःसाठी एकच गोष्ट हवी होती, आणि तीच मिळत नव्हती. तिला देवळात बायकांच्या सतरंजीवर बसायचं होतं. आमच्याकडे उजवीकडे पुरुष आणि डावीकडे बाया, मध्ये वाट. पाळकसाहेबांनी तिला पुरुषांत बसवून पाहिलं, तर सगळे बाप्ये सरकत सरकत भिंतीला चिकटले आणि उपदेश कोणी ऐकलाच नाही. बायकांकडे पाठवली, तर मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंचांच्या बायकोनं, म्हणजे आमच्या पंचीणबाईंनी, सतरंजीच गुंडाळायला घेतली. शेवटी मावशी दाराशी चपलांत बसू लागली. "इथं बाप्याच्या अन बाईच्या चपला एकमेकीवर पडून राह्यतात, कोनाले काही होत नाई," असं म्हणून ती हसायची. पण प्रभुभोजनाचं, भाकरीच्या तुकड्यांचं ताट बायकांच्या रांगेतून फिरू लागलं, की तिचं गाणं मध्येच थांबायचं. हे सगळ्यांना ऐकू यायचं. आम्ही गीताच्या पुस्तकात तोंडं खुपसायचो.

मग पाळकसाहेब बदलले. नवे आले ते लोणारच्या बाजूचे, बीबी गावाकडचे. त्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं. पहिल्याच रविवारी ते म्हणाले, "दाराजवळच्या भगिनी मंडळीसाठी प्रार्थना करतील."

सगळ्यांच्या माना एकदम दाराकडे वळल्या. मावशीला सतरंजी नाकारून आम्हीच चपलांत बसवलेलं, आणि सगळ्या मंडळीची अंडीपिल्ली तिला पाठ होती. पंचांनी डोळे इतके घट्ट मिटले, की मिशा वर चढल्या. मी मनात माझ्या ट्यूबा मोजल्या. मावशी उठली, पदर डोक्यावरून घेतला आणि सगळ्या मंडळीवरून एकदा नजर फिरवली.

"हे प्रभू," ती म्हणाली, "तुले सारं मालूम हाय. मी काही सांगत नाई. आमेन."

तिच्या आयुष्यातली ती सगळ्यांत छोटी प्रार्थना असावी. आमेन म्हणताना मंडळीनं जो सुस्कारा सोडला, त्यानं वेदीवरच्या मेणबत्त्या हलल्या. तेवढ्यात पंचीणबाई थोड्या बाजूला सरकल्या आणि सतरंजीवर हात आपटून म्हणाल्या, "ये व बाई इकडं. तिथं दारात वारं लागते." भीतीनं म्हणाल्या की मायेनं, देव जाणे. मावशीनं ते विचारलं नाही, जाऊन बसली. त्या दिवशी ताट तिच्या हातात आलं तेव्हा ते एका बाजूला कललं, आणि पंचीणबाईंनी खालून हात लावला.

मावशी गेली ती एका पावसाळ्यात, तापानं. आमच्यात बाईमाणसाला बायकाच आंघोळ घालतात आणि पुरुष फक्त खांदा देतात. खोलीबाहेर आम्ही पाच-सहा बाप्ये घोटाळत उभे. पाळकसाहेब घसा खाकरून म्हणाले, "आंघोळीचं… म्हणजे कोणी…"

पंचीणबाई तोवर चुलीवर पाणी ठेवून आल्या होत्या. पदर खोचत म्हणाल्या, "कोनी म्हंजे? बाई गेली, बायाच घालतीन. तुमी काऊन दारात उभे? व्हा भायेर!" आणि आमच्या तोंडावर दार लावून घेतलं.

आम्ही पावसात भिजत उभे राहिलो. त्याला आता कैक वर्षं झाली. दुकान पुढं मुलानं चालवलं, मी आता नुसता बाकावर बसून असतो. देवळात सगळे माझ्यासाठी प्रार्थना करतात, प्रकृती बरी राहो वगैरे. पण मी कसा आहे ते नीट माहीत असून माझ्यासाठी प्रार्थना करणारी तेवढी एकच होती.