डाव्या पायाला काम नसलेली गाडी

आमच्या घरात गाडी मी चालवते आणि नवरा शेजारी जीव मुठीत धरून बसतो. कापसाच्या ट्रकमागे तिसऱ्या गिअरवर दबा धरायचा, रस्ता मोकळा दिसला की ॲक्सिलरेटर दाबायचा, इंजिनाचा आवाज चढला की चौथा टाकायचा. यात मला काय सुख मिळतं ते सांगितलं की शाळेतल्या बाकीच्या मास्तरणी हसतात.

मग एकदा कळंबच्या अलीकडे चालवता चालवताच चक्कर आली. गाडी कशीबशी बाजूला घेतली. नवऱ्याकडे लायसन्स होतं, पण क्लच आणि गिअरचं गणित त्याला कधीच जमलं नव्हतं, त्यामुळे चक्कर ओसरेपर्यंत दोघंही तुरीच्या शेताकडे बघत बसून राहिलो. डॉक्टर म्हणाले, दोष कानातला आहे, गोळ्यांनी आटोक्यात राहील. पण शेजारी गाडी चालवू शकणारं माणूस हवंच.

जुनी गाडी तशीही बदलायची होती. नवरा म्हणाला, "ऑटोमॅटिक घेऊ. ते तं मलेही जमते."

मला ते रुचलं नाही. गिअर नसलेली गाडी म्हणजे नुसतं बसून पोहोचायचं. शिवाय एक धास्ती होती, ती मी बोलले नाही. याला एकदा जमलं की हा मला स्टिअरिंगला हात लावू देणार नाही.

यवतमाळच्या शोरूममधून ट्रायलला निघालो, तेव्हा तोच चालवत होता. प्रत्येक वळणाला माझा डावा पाय उगाच क्लच शोधत होता. समोर ट्रॅक्टर आला. नवऱ्याने ब्रेक दाबला, सोडला आणि गाडी आपोआप पुढे सरकली.

"पाह्य, कशी चालून राह्यली! आता तू निवांत बस."

झालं! मी खिडकीबाहेर बघत मनात ठरवून टाकलं, गिअरचीच घ्यायची. चक्कर येवो नाहीतर न येवो.

शोरूमला परत आल्यावर तो उतरला. एसी चालू असूनही शर्टाची पाठ घामाने चिंब झाली होती. चावी त्याने घाईघाईने सेल्समनच्या हातात कोंबली. इतका वेळ हा माणूस घाबरून अर्धा झाला होता आणि त्याने मला कळूही दिलं नव्हतं. मला भडभडून आलं.

सेल्समनने विचारलं, "मॅडम, कोणती?"

"ऑटोमॅटिक," मी म्हणाले आणि नवऱ्याकडे वळले. "पन चालवीन मीच. मले चक्कर आली तरच तुमची पाळी."

"मले कुठं हौस हाय!" म्हणत तो खुर्चीवर मटकन बसला.