कादवेकाठची बरणी

मागच्या हिवाळ्यात नात म्हणाली, "आजोबा, शनिवारी आम्ही नाशिककडे वाइनरी बघायला चाललोय. तुम्हीही चला. द्राक्षांचे मळे, धरणाचं पाणी, डोंगर, बसायला मस्त जागा आहे." मी गुडघ्यांचं कारण सांगितलं. गुडघे दुखतात हे खरं आहे. पण मी गेलो नाही ते गुडघ्यांमुळे नाही.

त्या खोऱ्यात मी एकदा एका परदेशी सायबाला वाइन पाजायला घेऊन गेलो होतो. त्याला साठ वर्षं उलटून गेली. तेव्हा आपल्याकडे दारूबंदी होती आणि त्या मळ्यांमधून खाण्याची द्राक्षं सोडून दुसरं काही मिळत नव्हतं. वाइन मी करवून घेतली. ज्याच्याकडून करवून घेतली, त्याला ती काय आहे हे सांगितलं नाही. ही हकिकत माझ्या बायकोलाही मी कधी सांगितली नाही. ती आता नाही, आणि मीही फार दिवस असेन असं वाटत नाही.

माझं गाव चाकणच्या बाजूला, महाळुंग्याच्या शेजारी. मॅट्रिक झाल्यावर मला चिंचवडजवळच्या एका लहान कारखान्यात काम लागलं. तिथे खोकल्याची, अशक्तपणाची औषधं बाटल्यांत भरत. मी काळेवाडीत एका शेतकऱ्याच्या पडवीत राहायचो आणि सायकलने कामावर जायचो. तिसऱ्या वर्षी बाटल्या भरायचं नवं यंत्र आलं. ते बसवायला युरोपातून एक तज्ज्ञ आला. उंच, लाल मानेचा, पन्नाशीचा माणूस. यंत्र चालू झालं की त्यावर मुख्य माणूस म्हणून कुणाला नेमायचं हे त्याच्या शब्दावर ठरणार होतं. आम्ही दोघं उमेदवार होतो. दुसरा पुण्याचा होता, डिप्लोमा झालेला होता आणि इंग्रजी फाडफाड बोलायचा. माझ्याजवळ तसं काहीच नव्हतं.

सायबाचं गाव एका नदीच्या खोऱ्यात होतं आणि तिथे घरोघर वाइन करत. जेवणाच्या सुट्टीत तो त्याबद्दलच बोलायचा. उतारावरचे मळे कसे दिसतात, द्राक्षं पायांनी कशी तुडवतात, तळघरात किती गार वाटतं. इथे त्याला सरकारी परवान्यावर बाटली मिळायची, पण ती आगबोटीतून आलेली, उन्हाने कढलेली. एकदा तो उदास होऊन म्हणाला, तुमच्या देशात द्राक्षं तरी होतात का? पुण्याचा पोऱ्या काही बोलायच्या आत मी बोलून गेलो, "होतात. माझ्या मामांचा मळा आहे. ते वाइनही करतात."

पहिलं वाक्य खरं होतं.

मामांचं गाव नाशिकच्या पुढे, कादवा नदीच्या काठी. पांगाऱ्याच्या खुंटांवर चढवलेल्या वेलांचा दीड एकराचा मळा होता त्यांचा. आणि ते माळकरी होते. ज्यांनी हे जग पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. गळ्यात तुळशीची माळ एकदा घातली की माणूस दारू, मटण आणि खोटं बोलणं सोडतो. निदान सोडायचं ठरवतो. मामांनी ठरवलं होतं तसं पाळलं होतं. बाजारात द्राक्षं विकताना पाटीच्या तळाशी बारीक घड असले तर ते गिऱ्हाइकाला आधी तळ दाखवायचे. मामी त्यावरून वैतागायची.

सायबाने माझं बोलणं धरून ठेवलं. कधी जायचं, कधी जायचं, असं तो रोज विचारू लागला. मग मी मामांना पत्र लिहिलं. आमच्या कारखान्यात एका नव्या औषधाचा प्रयोग चालू आहे, असं त्यात होतं. काळी द्राक्षं धुऊन कुस्करावीत, चिनी मातीच्या बरणीत घालून थोडा गूळ टाकावा, तोंडाला फडकं बांधून बरणी धान्याच्या कणगीत पुरावी आणि चाळीस दिवस हात लावू नये. वैद्य द्राक्षासव करतात त्यातलाच प्रकार आहे, असंही मी लिहिलं. सायब स्वतः येऊन तपासणार आहेत, हे शेवटी. मामांना वाचता येत नव्हतं. त्यांच्या थोरल्या मुलाने ते पत्र वाचून दाखवलं. तो माझ्याहून चार वर्षांनी लहान, नुकतं लग्न झालेला. उलट टपाली त्याचं उत्तर आलं: अण्णा म्हणतात, भाच्याच्या कारखान्याचं काम म्हणजे घरचंच काम. बरणी पुरली आहे.

फाल्गुनात आम्ही निघालो. कारखान्याची जीप, सायब, मी आणि चाकणच्या बाजारपेठेतला ड्रायव्हर. पहाटे भोसरी सोडली आणि खेडचा घाट उतरताना उजाडलं. सायबाने त्या दिवशी सगळं बघून घेतलं. नारायणगावला उभ्याने चहा, संगमनेरच्या बाजारात तंबाखूच्या पेंढ्या, सिन्नरच्या माळावर विड्या वळणाऱ्या बायका. नाशिकला गोदेच्या घाटावर तो अर्धा तास एकाच पायरीवर बसून राहिला. तांबटांच्या आळीत त्याने एक घंगाळ विकत घेतलं आणि ते मांडीवर घेऊनच तो पुढे बसला. नदीचं खोरं दिसू लागलं, बांधांवरच्या न छाटलेल्या पांगाऱ्यांना लाल फुलं आलेली, त्यांच्या खाली वेलांच्या हिरव्या ओळी. तेव्हा तो जीप थांबवायला लावून खाली उतरला. बराच वेळ त्याने एक फोटोही काढला नाही. मला वाटलं, झालं. यंत्र माझं झालं.

मामांनी अंगण सारवून घेतलं होतं. सायबाला पाट, आम्हाला घोंगडी. मामांनी मला मिठी मारली आणि कानात विचारलं, "भाचेराव, सायबाला भाकर चालतीया का?" सायबाने बाजरीच्या दोन भाकऱ्या खाल्ल्या. मग मामा आणि त्यांचा मुलगा बरणी घेऊन आले. फडकं सोडलं तेव्हा सगळ्या पडवीत वास सुटला. मामांनी नाक मुरडलं नाही. औषधाला वास असतोच.

सायबाने पेला उजेडात धरला, हुंगला, तोंडात घोळवला. डोळे मिटले. मग म्हणाला, आंबट आहे, कच्ची आहे, पण माझे आजोबा अशीच करायचे. हे मी मामांना मराठीत सांगितलं ते असं: "सायब म्हणतात, औषध चांगलं उतरलंय."

ड्रायव्हरने न विचारताच पेला पुढे केला होता. एक घोट घेऊन तो मामांना म्हणाला, "मामा, औषध लई जोरात हाय वो. ह्यानं खोकला जात न्हाई, खोकणाराच नाचाया लागतोय."

मामा हसले. "तसं असंल तर आमच्या म्हातारीलाबी देऊ. तिचे गुडघे धरल्यात."

तेवढ्यात सायबाने दुसरा पेला भरून मामांच्या पुढे धरला. त्याच्या गावची रीत होती: ज्याने केली त्याने पाहुण्याबरोबर घेतल्याशिवाय पाहुणा दुसरा पेला घेत नाही. मामांनी माझ्याकडे बघितलं. पेल्याकडे नाही, माझ्याकडे.

"घ्यावं का, भाचे?"

एवढाच क्षण होता. मी नुसता "नको" म्हणालो असतो तरी पुरलं असतं. आमच्यात चालत नाही, व्रत आहे, काहीही सांगून सायबाची समजूत घालता आली असती. पण तो खूश होता, आणि मला त्याचा चेहरा बदललेला बघायचा नव्हता.

"घ्या की मामा. औषधच आहे," मी म्हणालो.

मामांनी पेल्याला तोंड लावलं नाही. उजव्या तळव्याचा खळगा केला, त्यात थोडं घेतलं आणि तीर्थ घेतात तसं घेतलं. ओला हात डोळ्यांना लावून डोक्यावरून फिरवला. सायबाला ती आपल्याकडची रीत वाटली आणि त्यानेही तसंच केलं. ड्रायव्हर तोंड फिरवून हसला. मीही हसलो. ते हसू मला अजून आठवतं, कारण मी ते दाबलं नव्हतं.

परत येताना ड्रायव्हर म्हणाला, "भाऊ, माळकऱ्याच्या घरची प्यायलो, राव. आता मरायला हरकत न्हाई." मी त्याला कुठे बोलू नकोस म्हणालो. "छ्या, मी कशाला बोलू?" म्हणाला. चाकणच्या बाजारात आठ दिवसांत सगळ्यांना ठाऊक झालं.

महिन्याभराने आमच्या गावात हनुमान जयंतीचा सप्ताह बसला. सात दिवस देवळात वीणा खाली ठेवायची नसते. एकाने तास-दोन तास उभं राहून वाजवायची, मग दुसऱ्याने त्याच्या पाया पडून ती आपल्या गळ्यात घ्यायची. याला पहारा म्हणतात. बहिणीचं गाव म्हणून मामा दरवर्षी एसटीने यायचे आणि दुसऱ्या दिवशीचा दुपारचा पहारा त्यांचा असायचा. हा मान गावाने त्यांना दिलेला होता. त्यांच्यासारखा उभा राहणारा दुसरा नव्हता, दोन तास पाय हलायचा नाही.

त्या दुपारी वीणा गावातल्या एका वयस्कर बुवांच्या गळ्यात होती. मामा वाकले. बुवा मागे सरकले. पायाला हात लागला नाही.

"पाव्हणं, आज ऱ्हाऊ द्या," बुवा म्हणाले. वीणा वाजतच होती.

"का वो, काय चुकलं?"

"आता आमी काय सांगावं? सायबाला पाजली म्हणत्यात. आन आपुनबी घेतली."

मामांचा चेहरा उलट मोकळा झाला. गैरसमज आहे, आत्ता मिटेल, असा. "आवो, ते औषध व्हतं! ह्यो काय माझा भाचा हितंच हाय. त्यानंच कागद धाडला व्हता. इचारा त्याला."

सगळं देऊळ माझ्याकडे वळलं. मी खांबाजवळ बुक्क्याची वाटी घेऊन उभा होतो. बायकांच्या बाजूला आई होती. आदल्या सोमवारीच यंत्रावर माझी नेमणूक झाली होती. गावात माझं नाव घेतलं जात होतं. आणि दारूबंदीच्या दिवसांत परदेशी माणसासाठी दारू गाळवून घेतली हे कारखान्याच्या कानावर गेलं असतं तर नेमणूक सोडा, मी आत गेलो असतो. हे सगळं मी तेव्हा विचारात घेतलं असं आता म्हणता येतं. खरं तर मी काहीच विचार केला नाही. तोंडातून आपोआप आलं.

"मी सायबाला मळा दाखवायला नेलं होतं. बरणीत काय होतं ते मला काय माहीत?"

मामा माझ्याकडे बघत राहिले. रागाने नाही. बाजारात कुणी खोटं नाणं दिलं तर ते हातात घेऊन उलटून बघायचे, तसे. मग म्हणाले, "बरं." स्वतःच्या हाताने गळ्यातली माळ काढली, मारुतीच्या पायाशी ठेवली आणि चपला घालून एसटीच्या रस्त्याला लागले. आईने त्यांच्या मागे धावत जाऊन भाकरीचं गाठोडं दिलं. ती परत आली तेव्हा मला म्हणाली, "तू त्येच्या घरी बाळंत झालेल्या बाईचा ल्योक हायस." त्यानंतर वर्षभर ती माझ्याशी कामापुरतंच बोलली.

माळ परत घेता येते. तसा मार्ग आहे. चार माणसांत चूक झाली म्हणायचं आणि पुन्हा महाराजांच्या हातून घालून घ्यायची. मामांना पुष्कळांनी तसं सुचवलं. ते म्हणत, जाणून केली असती तर चूक म्हटली असती. न केलेली चूक केली म्हणायची तर ते खोटं झालं, आणि खोटं बोलून माळ कशी घालू? त्यामुळे ते बिनमाळेचेच राहिले, बावीस वर्षं. भजनात मागे बसायचे. वीणेला कधी हात लावला नाही.

त्यांच्या अंत्ययात्रेला मी गेलो होतो. अंघोळ घातल्यावर गळ्यात माळ घालायची की नाही यावर गावकऱ्यांत कुजबुज सुरू झाली. मामेभाऊ माझ्याजवळ आला. ते पत्र त्यानेच वाचलेलं होतं. तो सगळ्यांसमोर, हळू आवाजात म्हणाला, "दादा, तुम्ही सांगा. तुम्ही म्हणाल तसं करू." त्याने मला वाट करून दिली होती. मी तेव्हा फोरमन होतो, माझ्या मुलीचं लग्न ठरत होतं, आणि समोर व्याह्यांकडची दोन माणसं उभी होती. मी म्हणालो, "गाव म्हणेल तसं करा."

मामा माळेशिवाय गेले.

म्हणजे मी त्यांच्याशी तीनदा खोटं वागलो. पत्रातलं आणि पडवीतलं खोटं एकच, त्याला तरुणपणाचं कारण देता येईल. देवळातल्याला भीतीचं. तिसऱ्या वेळी मी शेहेचाळीस वर्षांचा होतो आणि मला कशाचीच भीती नव्हती. नुसतं अवघड वाटत होतं.

नात वाइनरी बघून आली, तिने फोनवर फोटो दाखवले. त्यानंतर दोन रात्री मला झोप लागली नाही, आणि मग मी मामेभावाकडे गेलो. तोही आता ऐंशीच्या घरात आहे. मळा मुलांकडे आहे. मी सगळं सांगितलं, त्याला ठाऊक असलेलंही. पत्र कुठे आहे विचारलं. तो म्हणाला, "अण्णा सप्ताहातून परत आले त्याच रात्री त्यांनी ते चुलीत घातलं. आई ओरडली, कागद दाखवा गावाला म्हणून. तर म्हणाले, पोराची नोकरी जाईल." थोडा वेळ तो सुपारी कातरत राहिला. मग म्हणाला, "दादा, हे मला सांगून काय उपयोग? मला माहीतच होतं. तुम्ही जिथं बोलला, तिथं सांगा."

आमचं गाव आता गाव राहिलेलं नाही. देवळाच्या तीन बाजूंना कंपन्यांच्या भिंती आहेत. त्या दुपारी देवळात असलेलं माझ्याखेरीज कुणी जिवंत नाही. सप्ताह मात्र बसतो, कारण बाहेरून कामाला आलेली माणसं तो मनापासून करतात. दुसऱ्या दिवशीचा दुपारचा पहारा यंदा लातूरकडच्या एका वेल्डरचा आहे. त्याला मामा कोण, बरणी कसली, काही ठाऊक असायचं कारण नाही. तरी त्याच्या गळ्यात वीणा जाण्याआधी मला थोडं बोलायचं आहे: की माझे मामा दारू पीत नव्हते, ती मी त्यांना औषध म्हणून पाजली, आणि याच खांबाजवळ उभा राहून मला माहीत नाही म्हणालो.

काल मी पुजाऱ्याला तसं विचारलं. तिशीतला मुलगा आहे, सकाळची शिफ्ट करून पूजा करतो. तो म्हणाला, "बोला की बाबा. फक्त पाच मिनिटांत आटपा, तीनला कीर्तनकार येत्यात. माईक मी चालू ठेवतो."