जर्मनीचं गिफ्ट
नांदुऱ्याच्या कापसाच्या जिनिंगमधले एक कारकून आमचे शेजारी होते. युरोपातल्या भाषांवर ते रोज बोलत. त्यातली इंग्रजी तेवढी अर्धीमुर्धी येत होती. इंग्रजी 'नो', फ्रेंच 'नॉ', जर्मन 'नाइन' ही सगळी आपल्या 'ना'ची पोरं, असं ते पानठेल्यावर सांगत. कोणी शंका काढली की विचारत, "शिकला किती बे तू?"

एकदा जिनिंगला जर्मनीहून मशीन आलं. खोक्यात पांढऱ्या भुकटीचा डबा निघाला. लेबल फाटलेलं, त्यावर एवढाच शब्द उरला होता: गिफ्ट.

"भेट पाठवली त्यायनं. खायची पावडर दिसते," असं म्हणून कारकुनांनी तो घरी नेला आणि लाडवात घालायला बायकोला दिला. तिनं नवऱ्याची विद्वत्ता बारा वर्षं ऐकलेली, म्हणून चिमूटभर आधी कोंबडीच्या दाण्यात टाकली.

कोंबडी अंगणातच मेली. मी डबा घेऊन मशीन बसवायला आलेल्या जर्मन कंपनीच्या फिटरकडे धावलो. तो दचकलाच. "अहो, जर्मनमध्ये गिफ्ट म्हणजे विष! उंदरांसाठी असेल."

परत येऊन मी ते सांगितलं. त्या घरात तीन लेकरं होती. कारकुनांचा चेहरा मात्र उजळला.

"दोन्ही गिफ्टचं मूळ एकच आहे ना! देणं. लाडू देल्ला काय, जहर देल्लं काय, देणं ते देणंच. मी चुकलो कुठी?"

बायकोनं मेलेली कोंबडी उचलून त्यांच्या पुढ्यात ठेवली.

"हे हिले समजावून सांगा," ती म्हणाली आणि आत निघून गेली.