केरबा गुळव्यानं वाचलेली गोष्ट

"जिथं बसलाईस, तिथनंच बोल," हे केरबाचं नेहमीचं वाक्य. गुऱ्हाळावर कुणी लांबून सल्ला देऊ लागला, की उकळत्या रसाच्या काहिलीवरची नजर न हलवता तो एवढंच म्हणायचा.

मुरगूडच्या बाजूला आमच्या गावात त्याच्या तोडीचा गुळव्या नव्हता. फेसाचा रंग बघून, पाक पाण्यात टाकून बोटांनी चाचपून तो काहील उतरवायची वेळ सांगे. चाळिशीत साक्षरतेच्या वर्गात अक्षरं शिकला. मग ओळीखाली बोट धरून मिळेल ते वाचू लागला.

शहाण्णव साली बाबासोंच्या गुऱ्हाळावर रसाचं एक आधण करपलं. मी त्यावर गोष्ट लिहिली, ती कोल्हापूरच्या एका दिवाळी अंकात आली. एकच घटना तिघं आपापल्या तोंडानं सांगतात: मालक, गुळव्या आणि काहिलीखालच्या चुलवाणात जळणाचं चिपाड सारणारा गडी. गडी सांगतो, 'काहिलीपाशी गुळव्याला डुलकी लागलेली मी डोळ्यांनी बघितली.' नावं मी बदलली होती, पण गावानं माणसं ओळखली. नव्या हंगामाला बाबासो दुसरा गुळव्या शोधू लागले.

केरबा अंक घेऊन माझ्या दारात आला.

"तीनदा वाचली. मालक बराबर बोलतोय. मीबी बराबर बोलतोय. गडी खोटं बोलतोय."

"केरबातात्या, गोष्ट हाय ती. ज्याची त्याची नजर."

"आसंना की! पर नजर तिथवर पोचाय नको? चल गुऱ्हाळावर."

बाबासो चुलवाण लिंपून घेत होते. केरबानं मला चुलवाणाच्या तोंडाशी, खालच्या खड्ड्यात बसवलं. हातात चिपाड दिलं आणि स्वतः पलीकडं वर, काहिलीपाशी जाऊन उभा राहिला.

"सांगा लेखक, मी जागा हाय का झोपलोय?"

माझ्यापुढं काळंभोर भोक आणि मातीची भिंत. मान ताणली, तरी भिंतच.

"दिसत न्हाय."

"मोठ्यानं! बाबासोस्नी ऐकू जाऊ दे."

"न्हाय दिसत! बाबासो, ती डुलकी माझ्या डोक्यातली. इथनं कुणालाच दिसली नसती."

बाबासोंनी कपाळावर हात मारला. "आरं मर्दा, जलमभर गुऱ्हाळ चालवतोय, आन छापलेलं बघून भुललो की! केरबा, सोमवारी पहिलं आधण. तूच यायचं."

"येतो. काहिलीच्या तळाची खपली तेवढी घासून घ्या. करपतंय ते तिच्यानंच. मागल्या साली तेच सांगत हुतो."

अंक काखेत मारून तो उसाच्या कडेनं निघाला. पाऊल सावकाश, मान ताठ. वाऱ्यानं तुरे एका अंगाला कलत होते. ऊस त्याला झाकून घेईपर्यंत बाबासो हातातला चिखल तसाच धरून बघत राहिले, आणि खड्ड्यातून उठून मीही.