पाजणीची शाळा

आमच्या गल्लीत बी.ए. झालेला मी पहिला. घरात तर त्याआधी कोणी चौथीही पाहिलेली नव्हती. हे मी मिरवून सांगतो, आणि का सांगू नये? वडील कोष्टी, हातमागावर लुगडी विणत. मी मात्र कॉलेज संपल्यावर कापडाच्या मिलमध्ये कारकून म्हणून लागलो. ज्या मिलच्या स्वस्त कापडानं आमच्या गल्लीतले निम्मे माग बंद पाडले, तिच्याच ऑफिसात. वडिलांनी पहिल्या दिवशी माझ्या कोटाच्या कापडाला बोटं लावून पाहिली आणि परत मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसले.

नोकरीला वर्ष होत आलं तेव्हा आमच्या मॅनेजरसाहेबांनी एक नवी गोष्ट काढली. ते मूळचे सुरतेकडचे. मराठी बोलत ते हिंदीच्या टेकूनं. ऑफिसातल्या सगळ्यांना बोलावून ते म्हणाले, की ज्या बाबूला वस्तीत जाऊन लोकांना लिहायला-वाचायला शिकवायचं असेल त्याला दर शनिवारी दुपारी दोननंतर सुट्टी. पगार कापला जाणार नाही. पाट्या, खडू, सतरंजी मिल देईल. सक्ती कोणावर नाही.

बऱ्याच जणांनी मिलशेजारची कामगारांची चाळ निवडली. ते बरोबरच होतं. पाच मिनिटांत जाता येई. मी माझी गल्ली मागितली. गल्लीत कोणाचं पत्र आलं, कचेरीची नोटीस आली, की ती माझ्याकडे येई. बायामाणसांची सुखदुःखं माझ्या तोंडून त्यांना कळत. कोणाच्या लेकीनं सासरहून काय लिहिलं हे आधी मला कळावं आणि मग तिच्या आईला, हे मला बरं वाटत नसे. माझ्या टेबलाशेजारी बसणारा, सीताबर्डीवर राहणारा एक सहकारी म्हणाला, मीही येतो, मला तुमची गल्ली पाहायची आहे.

घरी सांगितलं तेव्हा वडिलांनी मागावरचा धोटा थांबवला. म्हणाले, "मिलचे लोक आपल्या गल्लीत काहून येतीन गा? आता काय न्याचं राहिलं त्यायले?"

मी म्हटलं, न्यायला नाही, द्यायला येतो आहोत.

"तुले याचं असन त पोरगा म्हणून येजो. मिलचा म्हणून नको येऊ."

आणि धोटा परत सुरू झाला. आमच्या घरात बोलणं संपल्याची ती खूण असे.

पहिल्या शनिवारी आम्ही देवळाच्या ओट्यावर सतरंजी अंथरली, फळा टेकवून ठेवला आणि वाट पाहिली. कोणी आलं नाही. दुसऱ्या शनिवारी दोन म्हातारे आले, पण ते रोजच त्या सावलीत झोपायला येत. गल्लीतल्या प्रत्येक घरातून मागाचा खटखट आवाज येत होता. समोरच्या घरातली काकू पाण्याला जाता जाता थांबली. लहानपणी हिच्या मांडीवर मी वाढलो होतो, म्हणून तिला सगळे हक्क होते. म्हणाली, "बाबू, भिंतीले शिकवून राहिला का गा? पास झाली का नाही?"

माझा सहकारी हसला. मी हसलो नाही. तिसऱ्या शनिवारीही तेच. सोमवारी साहेबांनी मला बोलावून घेतलं. चाळीतल्या वर्गात बसायला जागा उरत नव्हती आणि माझ्याकडे सतरंजी रिकामी. त्यांचं म्हणणं सरळ होतं: या महिन्यात वर्ग भरला तर भरला, नाहीतर दोघांनी चाळीत जावं. यात राग नव्हता. पण मला ठाऊक होतं, की मिलची सतरंजी एकदा गल्लीतून उचलली गेली की गल्ली ती पुन्हा अंथरू देणार नाही. आणि वडील म्हणतील तेच खरं ठरेल, की मिल इथं कोणासाठी आली नव्हती.

दसऱ्याला मिल बंद होती. त्याच्या दुसऱ्या दिवशीही सुट्टी मिळाली, आणि त्या सकाळी आमच्या घरची पाजणी होती. ज्यानं पाहिली नाही त्याच्यासाठी सांगतो. ताण्याचं, म्हणजे मागावरचं उभं सूत विणण्याआधी त्याला खळ पाजावी लागते, नाहीतर मागावर ते तटातट तुटतं. घरात ते होत नाही. सगळा ताणा गल्लीत लांबच्या लांब बांबूंवर ताणायचा, पिठाची पातळ खळ लावायची आणि दोन्ही बाजूंनी माणसांनी मोठे कुंचे घेऊन एका चालीनं या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचं. एका घराला हे जमत नाही, म्हणून ज्याची पाजणी असेल त्याच्याकडे अख्खी गल्ली येते. बोलावणं नसतं. बांबू उभे दिसले की माणसं आपला माग सोडून येतात. मजुरी कोणी देत नाही, कोणी मागतही नाही.

माझा सहकारी त्या दिवशी आपट्याची पानं द्यायला, एक दिवस उशिरा, आला होता. काकूनं त्याच्या हातात कुंचा दिला. त्यानं कोट काढून आमच्या दारावर टाकला आणि रांगेत उभा राहिला. चार पावलांत त्याची चाल चुकली, मागच्यानं त्याला खांद्यानं ढकलून बरोबर केलं, आणि सगळी गल्ली हसली. तोही हसला. खळीचा आंबूस वास त्याच्या धोतराला लागला तो लागलाच.

कुंचे फिरवून झाले. आता ताणा वाळायचा होता. या वेळात कोणी उठून जात नाही. गाय येते, बकरी येते, मध्येच एखादं सूत तुटतं. दोन्ही बाजूंनी भिंतीला टेकून सगळे बसून राहतात, विड्या ओढतात, गोष्टी करतात. मी लहानपणापासून हे पाहत आलो होतो, आणि तरी पाहिलं नव्हतं.

वडील हात धुत होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "आता बसले न सारे. शिकव काय शिकवतं ते. सूत वाळेपर्यंत कोणी हालत नाही."

फळा घरात होता, पण मी आणायला गेलो नाही. कुंचा उरलेल्या खळीत बुडवला आणि आमच्याच दारावर 'क' काढला. ओला असताना तो धड दिसेना. ऊन लागलं तसा पांढरा उमटत गेला. काकू म्हणाली, "अवं माय, हे त दिसून राहिलं." आणि पदर खोचून पुढं सरकली.

वडील मात्र बसले नाहीत. ताण्याच्या टोकाला उभे राहिले, पाठ आमच्याकडे करून.

सोमवारी मी साहेबांकडे गेलो. म्हटलं, शनिवारची दुपार आम्हाला नको, सकाळ द्या. दुपारचा उजेड विणण्याचा. तेव्हा कोणाचे हात मोकळे नसतात. पाजणी सकाळी. कोणा ना कोणा घरची असतेच, त्यांना सांगून ती शनिवारी धरून घेऊ.

साहेबांनी चष्मा काढला. "बाबू, दुपारी ऑफिसात काम कम असते, म्हणून मी दुपार दिली. सकाळ मिलची आहे."

"जी वेळ मिलला जड नाही ती गल्लीला जड आहे, साहेब."

हे बोललो आणि मग भ्यालो. माझ्यासारख्याला तशी नोकरी दुसरीकडे ठेवलेली नव्हती. साहेबांनी चष्मा पुसून परत डोळ्यांवर चढवला. मग विचारलं, की पाजणी म्हणजे हातमागाचंच काम ना? म्हणजे मिलच्या पगारावर माझे बाबू मिलच्या विरुद्धच्या मागाला हात लावणार?

मी म्हटलं, हो, आधी कुंचा, मग खडू. त्याशिवाय तिथं कोणी बसू देणार नाही.

ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. सकाळी दहापर्यंत गल्लीत राहा, तेवढं काम संध्याकाळी थांबून पुरं करा, एवढं म्हणाले. सहकाऱ्यालाही तेच.

थंडी पडली तेव्हा एका शनिवारी साहेब स्वतः आले. टांगा गल्लीच्या तोंडाशी सोडावा लागला, कारण आत ताणा लागला होता. कोणी खुर्ची आणायला धावलं. वडील खुर्चीची वाट बघत थांबले नाहीत. एक कुंचा उचलून साहेबांपुढं धरला.

"उभे काहून राहाचं, साहेब? धरा."

साहेबांनी धरला. एक फेरी मारली, माझ्या सहकाऱ्याच्या मागं, चाल चुकत चुकत. मग ताणा वाळायला सोडला आणि साहेब सतरंजीवर बसले, काकूच्या शेजारी. घरी आलेल्या माणसाला एकटं बसवून आपण उभं राहणं आमच्याकडे होत नाही. वडील क्षणभर घुटमळले. मग आले, आणि साहेबांच्या दुसऱ्या बाजूला मांडी घालून बसले.

सहकाऱ्यानं सगळ्यांना दिली तशी वडिलांनाही पाटी दिली. त्यांनी ती आधी उलटी करून पाहिली, लाकूड तपासलं. मग खडू धरला, कुंचा धरावा तसा, मुठीत.