भुलीआधी निघालेलं काकांचं नाव

खरं सांगायचं तर तेव्हा माझी श्रद्धा पार डळमळली होती. पित्ताशयातल्या खड्यांनी जीव नकोसा केला होता. इतकं साकडं घालूनही शेवटी ऑपरेशनची पाळी आलीच, म्हणून मी देवीवर चांगलीच चिडले होते. आई मात्र काटोलजवळच्या आमच्या गावात गावदेवी माता मायची ओटी भरून शहरात नंदनवनला माझ्याकडे आली. आमच्या घरी रीतच आहे, ओटी भरली की कार्य पार पडेपर्यंत गेलेल्या माणसाचं नाव काढायचं नाही. त्यामुळे भूल देणाऱ्या डॉक्टरबाईंनी, "घरात कोणाला भुलीचा काही त्रास झाला होता का?" असं विचारलं, तेव्हा आई माझ्याआधीच म्हणाली, "नाही जी, सगळे धडधाकट." माझे काका हर्नियाच्या ऑपरेशनला गेले आणि परत आलेच नाहीत, हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं. त्यांचं नशीबच तेवढं, असं आम्ही धरून चाललो होतो. मीही गप्प बसले.

ऑपरेशनच्या सकाळी हिरवा गाऊन घालून मी आईसोबत ऑपरेशन थिएटरबाहेरच्या बाकावर बसले होते. शेजारी एक अनोळखी बाई नवऱ्याची वाट पाहत बसलेली. आपल्याकडे बाकावर दोन बायका बसल्या की गाव विचारल्याशिवाय राहवतं का? तिनंही विचारलं, "कोण्या गावची वं तू?" मी सांगितलं, तशी ती सुरूच झाली. "त्या गावचा एक माणूस माह्या बापाच्या बाजूच्या खाटेवर होता. हर्नियाचं ऑपरेशन होतं. भूल देल्ली अन् आंग लाकडावानी कडक झालं म्हणे. ताप असा चढला का उतरलाच नाही. बिचारा गेला."

ते आमचेच काका, हे मला लगेच कळलं. आईनं माझा हात घट्ट दाबला आणि पुटपुटली, "चूप राय वं." पण मला काही राहवेना. आम्ही दाबून ठेवलेली गोष्ट एक परकी बाई, कोणी न विचारता, ऐन वेळेला बोलली होती. आता गप्प बसणं म्हणजे देवीचंच न ऐकणं, असं मला आतून वाटलं. मी सिस्टरला म्हटलं, डॉक्टरबाईंना बोलवा, आत्ताच्या आत्ता.

त्या आल्या आणि काकांचं सगळं ऐकून माझ्या शेजारीच बसल्या. म्हणाल्या, काही घराण्यांत हे रक्तातच असतं. भुलीचे काही वायू आणि स्नायू सैल करणारं एक इंजेक्शन अशा माणसाला दिलं, तर स्नायू उलट आखडतात आणि अंग भट्टीसारखं तापतं. वरून काहीच कळत नाही. त्यांनी ऑपरेशन एक दिवस पुढं ढकललं, भुलीचं मशीन साफ करून घेतलं, वेळ आलीच तर द्यायचा उतारा मागवून ठेवला, आणि मला शिरेतून वेगळीच भूल दिली.

शुद्धीवर आले तेव्हा मला इतका आनंद झाला की सिस्टरला मी पुन्हा पुन्हा पाय हलवून दाखवत होते. अंग नेहमीसारखं मऊ, ताप नाही. ती औषधं दिली असती तर काय झालं असतं, ते डॉक्टरबाईही खात्रीनं सांगू शकल्या नाहीत, आणि मला वादही घालायचा नाही. चालता येऊ लागल्यावर त्या बाकावरच्या बाईच्या पाया पडायला गेले, तर ती लाजून म्हणाली, "मी त टाइमपासच करून राहिली होती वं बाई."

शरण जायचं म्हणजे डोळे मिटून गप्प राहायचं, असं मी जन्मभर समजत होते. सत्य बोलायची बुद्धी झाली की भीती सोडून बोलायचं, हेही शरण जाणंच आहे.

डॉक्टरबाईंनी रक्ताच्या नातेवाइकांना कळवायला सांगितलं होतं. काकांच्या मुलाला फोन मी लावणार होते, पण आईनंच तो माझ्या हातून घेतला. "तुह्या बापाले काय झालं होतं, ते आज तुले सांगते," असं म्हणून तिनं सगळं सांगितलं. मग तो हळूच म्हणाला, "मोठी माय, उद्या माह्या पोरीचं टॉन्सिलचं ऑपरेशन आहे."

आईला हुंदका फुटला. मी पडल्यापडल्याच हात जोडले आणि डॉक्टरबाईंना बोलावण्यासाठी बेल दाबली.