खिळ्यावर टांगलेला चमचा

मावशीच्या हाताला चव आहे हे साऱ्या वृद्धाश्रमाला ठाऊक होतं, कारण मावशीच ते सगळ्यांना सांगत असे. तीस वर्षं ती तिथे चाळीस म्हाताऱ्या माणसांसाठी रांधत होती. ऐंशी-पंच्याऐंशीचे आजोबासुद्धा तिला मावशीच म्हणत आणि तीही त्यांना सख्ख्या भाच्यांसारखी दटावत असे. "माझा हात म्हणजे तराजू आहे," ती म्हणायची. "मीठ मोजायला मला चमचा लागत नाही."

चमचा लागायचा तो चाखायला. लांब दांड्याचा, वापरून वापरून काळा पडलेला तो लाकडी चमचा तिच्या एप्रनच्या खिशात कायम असे. पातेल्याला उकळी फुटली की चमचा आत, मग एक फुंकर आणि तोंडात. डोळे मिटून ती क्षणभर थांबायची आणि म्हणायची, "चिमूटभर हवं." पुन्हा चाखायचं, पुन्हा डोळे मिटायचे. तिची धाकटी जाऊ तिच्या हाताखाली भाज्या चिरायची, भांडी घासायची आणि मावशीच्या सुट्टीच्या दिवशी, म्हणजे रविवारी, एकटी स्वयंपाक करायची. मावशीच्या पाठीमागे ती म्हणायची, "ताईंना जेवायला बसावं लागत नाही. त्या चाखता चाखताच जेवून उठतात."

राखेच्या बुधवारी, म्हणजे ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ सुरू होतो त्या दिवशी, फादरनी प्रवचनात सांगितलं की, जे सोडल्याने आपलं काहीच अडत नाही ते सोडून देवावर उपकार करू नका. जे जिवाजवळचं आहे ते सोडा. कपाळावर राखेचा क्रूस घेऊन मावशी घरी आली ती विचार करतच. आदल्या वर्षी तिने साखर सोडली होती, त्याच्या आदल्या वर्षी चहा. दोन्ही वर्षी ते कोणाला कळल्यावाचून राहिलं नव्हतं. या वर्षी काहीतरी खरं सोडायचं होतं. दुपारी सूप ढवळताना हात आपसूक खिशाकडे गेला आणि तिला उत्तर सापडलं.

स्वयंपाकघरातल्या क्रूसाखाली एक खिळा होता. तिने चमचा धुतला, पुसला आणि त्या खिळ्याला टांगला. चाळीस दिवस चाखणं बंद. स्वतःसाठी दिवसातून एकदा कोरडा पाव आणि बिनसाखरेचा चहा, बस्स.

"पण ताई, मग मीठ कमी की जास्त हे कळणार कसं?" धाकटीने विचारलं.

"हाताला विचारीन. तीस वर्षं काय गवत उपटलं मी?"

मठातल्या मोठ्या सिस्टर वृद्धाश्रमाच्या प्रमुख. त्यांनी संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर सगळ्यांसमोर सांगितलं, "त्याग कसा करावा हे आपल्या मावशीकडून शिका." मावशीने मान खाली घातली. नम्रपणा दाखवायचा तर मान किती खाली घालायची, याचाही तिला चांगला अंदाज होता.

आता खोटं कशाला बोला, तिने व्रत मात्र काटेकोर पाळलं. नुसतं पाळलं नाही, वाढवलं. रांधताना ती रोझरीची जपमाळ म्हणू लागली. सुरुवातीला पातेल्यात मीठ टाकायची, मग मणी सुरू. दहा-दहा मण्यांच्या पाचव्या दशकापर्यंत पोचेतो पोटात कावळे ओरडत असायचे, डोकं हलकं झालेलं असायचं आणि मीठ टाकलं की टाकायचं आहे हे आठवत नसे. मग हाताला विचारून ती पुन्हा टाकायची. एखाद्या दिवशी मात्र हात सांगायचा की टाकलंय, आणि टाकलेलं नसायचं.

तिसऱ्या दिवशी धाकटी म्हणाली, "ताई, आजचं सूप जरा चाखून बघता का?"

"जरा!" मावशी कडाडली. "वाळवंटात सैतान प्रभूकडे असाच आला होता, 'जरा' म्हणत! माझा उपास मोडायला तूच सापडलीस त्याला?"

भांडी पुसायला आलेल्या दोन बायका तोंडात पदर कोंबून हसल्या. धाकटीने कानाला खडा लावला. त्यानंतर ती ताईंच्या पातेल्याबद्दल एक अक्षर बोलली नाही.

दुसरं कोण बोलणार? सिस्टर लोकांचं जेवण त्यांच्या मठात शिजायचं. नर्स घरून डबा आणायची. राहिली ती म्हातारी माणसं. ती आपसात कुजबुजायची. अळणी असलं की म्हणायची, उपवासकाळ आहे, वरून तसा हुकूम असेल. खारट असलं की म्हणायची, हे प्रायश्चित्त असेल. एक आजी सुपात ग्लासभर पाणी ओतून प्यायच्या आणि एकीने पावाचे तुकडे उशीखाली जमवले होते. वाडगे अर्धे भरलेले परत येत. मावशी हे सगळं बघायची आणि तिला भरून यायचं. तिला वाटायचं, माझं बघून हे सगळे उपास करायला लागले! एवढं मोठं पीक तिच्या एका त्यागाला आलं होतं.

खिडकीजवळच्या खाटेवर पोस्टमन आजोबा असायचे. चाळीस वर्षं पायी पत्रं वाटलेली, आता ते पाय साथ देत नव्हते. मागे-पुढे कोणी नाही. मावशीचा त्यांच्यावर विशेष जीव होता, कारण ते एकटेच रोज दाद द्यायचे. जेवण झालं की रिकाम्या वाडग्यावर चमच्याने दोनदा टकटक करायचे आणि ओरडायचे, "पोचलं, मावशी!" पत्र पोचावं तसं. नऊ वर्षांत ते एकदाही चुकलं नव्हतं.

तिसऱ्या आठवड्यात आजोबांचं वजन दोन किलोने उतरलं. चौथ्यात आणखी दीड. डॉक्टर आले, छाती तपासली, पोट दाबून बघितलं, रक्त नेलं. दोष काही सापडेना. नर्सच्या वहीत मात्र एक गोष्ट स्पष्ट दिसत होती. इतर दिवशी चार-पाच घास, पण रविवारी पूर्ण वाडगा, वर पाव.

"प्रभूचा दिवस," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. "मिस्साची प्रार्थना ऐकून माणसाला बळ येतं."

मावशीला तर ते अगदी पटलं. रविवारच्या मिस्सात ती आजोबांसाठीच प्रार्थना करत होती ना! तिने आणखी जोर लावला. त्यांच्या नावाने दुपारचा चहाही सोडला आणि एकाऐवजी दोन रोझरी सुरू केल्या. त्या आठवड्यात सूप तीन वेळा दुप्पट खारट झालं. आजोबांचं वजन आणखी उतरलं.

ईस्टरच्या आदल्या, झावळ्यांच्या रविवारनंतर डॉक्टरांनी निकाल दिला. हे असं चालायचं नाही, गुरुवारी सकाळी गाडी येईल, मोठ्या इस्पितळात नेऊ, नाकातून नळी घालू. वृद्धाश्रमात सगळ्यांना माहीत होतं की या वयात त्या गाडीत बसून गेलेला माणूस सहसा परत येत नाही. आजोबांनाही माहीत होतं. ते एवढंच म्हणाले, "खिडकी असेल का हो तिथे?"

बुधवारी दुपारी मावशीने ठरवलं की, आज आपण स्वतःच्या हाताने भरवायचं. वाडगा घेऊन ती खाटेशी बसली. आजोबांचं मनगट आता नळीसारखं झालं होतं. तिने चमचा पुढे केला. आजोबांनी डोळे घट्ट मिटले, घोट गिळला आणि लगेच पाण्याच्या पेल्याकडे हात नेला.

"आणखी एक, आजोबा. माझ्यासाठी."

"तुमच्यासाठीच तर चाललंय, मावशी," ते हसून म्हणाले. श्वास घेत घेत त्यांनी सांगायला सुरुवात केली. "राखेच्या बुधवारनंतर जेवणाची चव बदलली. मी म्हटलं, मावशीच्या घरी काहीतरी झालंय. माणूस दुःखात असला की हात चुकतो. एकदा मीही नाही का, बायको गेली त्या आठवड्यात, साऱ्या गल्लीची पत्रं चुकीच्या घरात टाकली होती. तेव्हा कोणी तक्रार केली नाही हो. लोकांनी आपसात बदलून घेतली. म्हणून मीही सगळ्यांना सांगितलं, कोणी बोलायचं नाही. जे घशाखाली जात नाही ते देवाला तुमच्या नावाने अर्पण करायचं. रविवारी धाकट्या बाई करतात, तेव्हा जेवून घेतो." मग जरा घाबरून त्यांनी विचारलं, "घरी सगळं ठीक आहे ना आता?"

मावशीला आधी काही कळलंच नाही. ती वाडग्याकडे बघत राहिली. मग तिने तोच चमचा बुडवला आणि सहा आठवड्यांत पहिल्यांदा आपल्या हातचं तोंडात घातलं.

समुद्राचं पाणी परवडलं. जीभ आत ओढली गेली. तिने कसाबसा घोट गिळला आणि तेवढ्यात तिला सगळं एकदम उलगडलं. अर्धे परत येणारे वाडगे, उशीखालचे पाव, नर्सची वही, रविवार. धाकटीने 'जरा' म्हटलं होतं तेही आठवलं, आणि आपण सैतानाचं नाव घेऊन तिला गप्प केलं होतं तेही. आणखी एक आठवलं, ते सगळ्यात वाईट होतं. सहा आठवडे वाडग्यावर टकटक झाली नव्हती, आणि एवढी जीव लावणारी ती, तिच्या ते लक्षातसुद्धा आलं नव्हतं.

मेल्याहून मेल्यासारखं झालं तिला. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं वाटलं, पण अशा वेळी धरणी काही दुभंगत नाही, माणसाला आपल्या पायांनीच उठावं लागतं. उपास तिने केला होता आणि उपाशी दुसरेच राहिले होते. इतरांच्या डोळ्यातलं कुसळ तिला तीस वर्षं बरोबर दिसत आलं होतं. आपल्या डोळ्यातलं मुसळ दिसायला आजोबांचं सहा किलो मांस झडावं लागलं.

"घरी सगळं ठीक आहे, आजोबा," ती म्हणाली. "थांबा. मी आले."

स्वयंपाकघरात तिने सबंध पातेलं मोरीत ओतलं. धाकटी बटाटे सोलता सोलता थांबली. मावशीने खिळ्यावरचा चमचा काढला, पण तो हातात धरवेना. तो तिने धाकटीपुढे केला.

"तू चाख. मी करते, तू चाख आणि सांग. माझ्या हातावर माझा भरवसा राहिला नाही."

"ताई, तुमचा उपास..."

"कसला उपास! तुला माहीत होतं ना?"

धाकटीने खाली बघितलं. "तिसऱ्या दिवशीच माहीत होतं. पण मीही नंतर गप्प बसले. म्हटलं, फजिती होऊ दे एकदा. आजोबा एवढे उतरतील असं नव्हतं वाटलं, ताई." आणि ती रडायला लागली.

मावशीला तिच्यावर रागवायचा हक्क होता की नव्हता, ते तिने तपासलं नाही. दोघींनी मिळून कांदे परतले, गाजर-बटाटे घातले. मीठ धाकटीने टाकलं. चाखून म्हणाली, "चिमूटभर हवं." मावशीने ते निमूट घातलं.

मग ती भोजनघरात गेली. सगळे नुसता पाव चावत बसले होते आणि मोठ्या सिस्टर जेवण संपल्याची घंटा वाजवायच्या बेतात होत्या. मावशी मध्यभागी उभी राहिली. या वेळी मान किती खाली घालायची याचा अंदाज तिला नव्हता.

"सहा आठवडे मी तुम्हाला वाईट जेवू घातलं," ती म्हणाली. "घरात दुःख-बिःख काही नव्हतं. मला मोठी भक्तीण व्हायचं होतं, म्हणून मी चाखलं नाही. तुम्ही माझ्यासाठी प्रार्थना करत होता आणि मी समजत होते की तुम्ही माझं बघून शिकताय. सिस्टर, तुम्ही माझं कौतुक केलं होतं, ते परत घ्या. मला क्षमा करा."

पाणी ओतून पिणाऱ्या आजींनी विचारलं, "म्हणजे आता मीठ बरोबर असेल?" एक-दोघे हसले. मावशीला ते हसणं चापट मारल्यासारखं लागलं, आणि लागलं ते बरंच झालं.

नवा वाडगा घेऊन ती खिडकीजवळच्या खाटेशी आली. मागोमाग आलेले सगळे दारात थांबले आणि नर्स वही घेऊन उभी राहिली. हा वाडगा आणि संध्याकाळचा गेला तर डॉक्टरांना फोन करून गाडी थांबवता येईल, असं ती म्हणाली होती. आजोबांनी एक घोट घेतला. दुसरा घेतला. तिसऱ्याला त्यांनी चमचा स्वतःच्या हातात मागून घेतला. चमचा सांडत नव्हता. अर्धा वाडगा संपला. मावशी खाली मान घालून त्या टकटकीची वाट बघत होती, आणि ती ऐकायची आपली लायकी नाही हेही तिला कळत होतं.

टकटक झाली नाही. चमचा भरला गेला आणि वळून तिच्या तोंडापाशी आला.

"घ्या," आजोबा म्हणाले. "तोंड बघा किती उतरलंय तुमचं. माझ्याकडे बघून सगळे वजनं करतात, तुमचं कोणी केलं नाही."

"नको, आजोबा. मला नका देऊ."

"हात दुखतोय माझा, मावशी. किती वेळ धरू?"

सगळ्यांच्या देखत, पवित्र आठवड्यातल्या बुधवारी, अजून तीन दिवस उरलेले असताना, मावशीने तोंड उघडलं. सूप कोमट झालं होतं. मीठ बरोबर होतं. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायलाही तिला लाज वाटत होती.

आजोबांनी रिकामा चमचा वाडग्यावर दोनदा वाजवला.

"पोचलं?" त्यांनी विचारलं.

मावशीने मान डोलावली.